दोरीखालचा गाळ

राखणदाराचं खरं नाव त्याच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच पडून होतं. गावात त्याला सगळे शिट्टी म्हणायचे. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी, कोपरांवर ठिगळं लावलेला सरकारी कोट, पायात रबरी बूट, आणि ओठ सदा थोडे पुढे काढलेले, जणू आता वाजवतो की मग वाजवतो. त्याची बायको म्हणायची, झोपेतसुद्धा घोरत नाही हो हा माणूस, फुंकतो.

गावासमोर समुद्र जमिनीत शिरून वळला होता, कडेवरचं मूल सावरायला एखादी बाई वाकते तसा. त्या वळणात वारा पोचत नसे, लाट आली तरी दमून येई. वरून वाहत आलेला बारीक गाळ तिथे निवांत खाली बसे. असा मऊ गाळ, की हात घातला तर लोण्यात घातल्यासारखं वाटावं. त्या गाळावर कालवांची वस्ती होती. खडबडीत पाठीचे ते मोठे शिंपले जुन्या मेलेल्या शिंपल्यांवर पाय रोवून, एकमेकांना धरून बसलेले असत. ओहोटीला पाणी गुडघ्याखाली गेलं की गावच्या बाया टोपल्या आणि आखूड सुऱ्या घेऊन आत उतरत. राखणदाराची मोठी बहीण त्या बायांची पुढारी. तिला तसं कोणी निवडलं नव्हतं. ती पुढे चालायची आणि बाकीच्या मागून यायच्या, एवढंच.

मग लोखंडी दाताळी लावलेल्या मोटारबोटी आल्या आणि तळ खरवडून पोती भरभरून कालवं नेऊ लागल्या. वस्ती विरळ झाली. टोपली भरायला दोन ओहोट्या लागू लागल्या. शेवटी सरकारला जाग आली. त्या वळणाभोवती दोरी ताणून तिच्यावर नारिंगी तरंगे बांधले आणि आतलं पाणी राखीव केलं. आत जाळं नाही, दाताळं नाही, नांगर नाही, हातसुद्धा नाही. काही वर्षं तळाला विसावा द्यायचा, मग तळाचा गाळ तपासायचा, आणि सगळं ठीक निघालं तर वस्ती पुन्हा फक्त हाताने वेचणाऱ्या बायांच्या हवाली करायची, असं ठरलं.

बाया ऐकायला तयार नव्हत्या. मधल्या वर्षांत खायचं काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. तेव्हा राखणदार जाळं विणत होता, अजून राखणदार झाला नव्हता. तो बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला आणि म्हणाला की राखणीची नोकरी मी घेतो. एक शिंपला इकडचा तिकडे होऊ देणार नाही. वस्ती दिली तशी नव्हे, दुप्पट करून तुझ्या हातात देईन. बहिणीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. धाकटा भाऊ उतावळा होता, पण खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती एकेका दारात गेली आणि भावाच्या शब्दावर तिने बायांच्या सुऱ्या म्यानात घालायला लावल्या. कोणी मासे सुकवायच्या कामाला लागलं, कोणी शहरात धुणीभांडी करायला गेलं. ती स्वतः बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढू लागली, आणि तिच्या बोटांची पेरं काळीनिळी झाली.

राखणदाराने शब्द पाळला. कसा पाळला हे गावाला विचारावं, कारण गाव अजून त्याचा राग धरून आहे. पहाटे तो होडी काढी आणि दोरीच्या कडेने फिरे. तरंगा सैल दिसला की बांधी, दोरीला शेवाळ चढलं की घासून काढी. कोणी दोरीच्या जवळ आलं की शिट्टी. ओळखीचा असो, नातलग असो, शिट्टी एकच. त्याचे भावोजी, म्हणजे याच बहिणीचे यजमान, एकदा वाऱ्यापासून आडोसा म्हणून आत शिरले आणि नांगर टाकून विडी ओढत बसले. राखणदाराने त्यांचा नांगर जप्त केला. तेव्हापासून भावोजी त्याच्याशी थेट बोलत नसत. तो समोर बसलेला असताना भिंतीला सांगत, की अगं, तुझ्या भावाला विचार चहा घेणार का, का चहावरही बंदी आहे.

केस कापायच्या दुकानात तो शिरला की गप्पा बंद होत. तरी त्याला त्याचं वाईट वाटत नसे, कारण त्याच्याजवळ एक सुख होतं.

वर्षातून एकदा, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, तो बहिणीला होडीतून दोरीच्या आत नेई. हे नियमात बसत नव्हतं आणि नियमाबाहेरही नव्हतं, कारण ती काही वेचत नसे. तो वाकून एक कालव अलगद सोडवी आणि तिच्या तळहातावर ठेवी. ती डोळे मिटून वजन घेई. आयुष्यभर कालवं वेचलेल्या बाईचा हात तो, तराजूला लाजवणारा. मग ती हसे. गेल्या वर्षापेक्षा जड आहे रे, म्हणे. पुढच्या वर्षी पुन्हा, यंदा तर दगड झालाय नुसता. मग कालव परत जिथल्या तिथे ठेवायचं. उघडायचं नाही. राखणदारच जर सुरी लावू लागला तर राखायचं कोणी, असं तो म्हणे, आणि बहिणीलाही ते पटे. परतताना ती निळ्या पेरांचा तो हात मांडीवर उताणा ठेवून बसे, जणू वजन अजून हातातच आहे.

अशी वर्षं गेली आणि विसाव्याची मुदत संपत आली. बाया सुऱ्यांना धार लावू लागल्या. मग प्रयोगशाळेतून गाळ तपासायला एक मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण चेहरा शाळेतल्यासारखा. गावाने तिचं नाव लगेच गाळमॅडम ठेवलं, आणि तिला ते कळलं तेव्हा ती हसली, म्हणून गावाला ती आवडली.

तिच्याकडे दोन जबड्यांचं एक लोखंडी भांडं होतं. उघडं करून दोरीने तळाशी सोडायचं. तळाला टेकलं की जबडे मिटतात आणि गाळाचा घास घेऊन भांडं वर येतं. कडेचा गाळ लोखंडाला लागलेला असतो, तो सोडून द्यायचा, आणि मधला तेवढा चमच्याने काचेच्या बाटलीत भरायचा. राखणदाराला हे काम फार आवडलं. आपल्या तळाची एवढ्या हळुवारपणे चौकशी करणारं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तिने विचारलं, काका, वस्ती सगळ्यात दाट कुठे आहे? राखणदाराची छाती फुगली. दोरीच्या आत एका अंगाला वाळू होती आणि तिथे कालवं तुरळक होती. दुसऱ्या अंगाला तो मऊ गाळ. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना घरातली सगळ्यात चांगली खोली दाखवावी, तशी त्याने मऊ गाळाकडे होडी घातली. भांडं वर आलं तेव्हा त्याने चिमूटभर गाळ बोटांत घेऊन नाकाशी नेला. बघा मॅडम, म्हणाला, कुजका वास नाही, तेलाचा तवंग नाही. रेशीम आहे रेशीम. तिने मान हलवली, पण वास घेतला नाही. तिला काही कालवंही हवी होती. तिच्याकडे परवानगीचा कागद होता, म्हणून राखणदाराने ती स्वतः वेचून दिली, आणि देताना प्रत्येकाचं वजन हातात जोखलं.

तिने पहिलं कालव होडीच्या फळीवर ठेवून उघडलं. सुरी आत जाईना. शेवटी कवच फुटलंच, आणि आत पुन्हा कवच निघालं. त्याच्या आत पुन्हा पापुद्रा. पापुद्र्यांच्या मधे पोकळ्या, आणि पोकळ्यांत शेंबडासारखं गढूळ पाणी. सगळ्यात आत, एवढ्या जाड भिंतींच्या मधोमध, अंगठ्याच्या नखाएवढा मांसाचा सुकलेला तुकडा. दुसरं उघडलं. तेही तसंच. तिसरं उघडायच्या आधी तिने राखणदाराकडे पाहिलं आणि विचारलं की काका, ही अशी कधीपासून आहेत?

इतकी वर्षं तो आणि त्याची बहीण भिंतींचं वजन करत आले होते.

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो स्पष्ट होता. जहाजांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून विषारी रंग लावतात. वळणाच्या तोंडाशी एक टेकड होतं. त्याच्या पलीकडे, दोरीच्या बाहेर, जहाजं दुरुस्त करायचा धक्का होता. तिथे जुना रंग खरवडून काढत आणि खरवडलेलं झाडून पाण्यात लोटत. भरतीबरोबर ते बारीक होऊन या वळणात येई. वाळूवर ते टिकत नाही. बारीक गाळ मात्र त्याला धरून ठेवतो, आणि जितका गाळ मऊ तितकी त्याची मूठ घट्ट. गाळमॅडमने हे सगळं नीट समजावून सांगितलं. शिंपल्यांना दूर ठेवायचा रंग शिंपल्यांच्याच अंथरुणात येऊन झोपला होता. त्याच्यामुळे कालव आपलं कवच जाड करत बसतं आणि अंगावर मांस धरत नाही.

वस्ती बंद राहणार होती. किती काळ, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. एक मात्र लिहिलं होतं, की तळ ढवळला तर विष वर येईल, म्हणून राखण अधिक कडक करावी आणि राखणदाराची नेमणूक पुढे चालू ठेवावी.

राखणदार तो कागद घेऊन कचेरीत गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. दोरीच्या आत मी माशीला बसू देत नाही, पण घाण दोरीच्या खालून येते आहे, तर धक्क्यावरचं खरवडणं बंद करा. राखीव पाण्याच्या साहेबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की धक्का आपल्या हद्दीत येत नाही, तो बंदराच्या साहेबांकडे. बंदराच्या साहेबांनी सांगितलं की धक्का आमचा, पण पाण्यातलं विष आमचं नव्हे, ते प्रदूषणवाल्यांकडे. प्रदूषणवाल्यांनी सांगितलं की आम्ही पाणी तपासतो, आणि पाणी तर स्वच्छ आहे. गाळात असेल, पण गाळ म्हणजे तळ, आणि तळ राखीव पाण्याच्या साहेबांकडे. राखणदार पुन्हा पहिल्या साहेबांसमोर उभा राहिला तेव्हा साहेब म्हणाले, अरे, तुझी नोकरी तर पक्की झाली, आणखी काय पाहिजे? त्याला वाटलं, जोरात शिट्टी फुंकावी, अशी की खिडक्यांच्या काचा तडकाव्यात. त्याने ती कोटाच्या आत सारली आणि तो पायऱ्या उतरला.

बहिणीला निकाल त्याने सांगायच्या आधीच कळला होता. तो घरात शिरला तेव्हा ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. भावोजींनी भिंतीला सांगितलं की आला बघ, पक्क्या नोकरीवाला. बहिणीने भावाला बसायला सांगितलं नाही.

"गाळ दाखवलास तू त्यांना," ती म्हणाली. "वाळू नव्हती का दाखवायला?"

"सगळ्यात चांगली जागा दाखवली, ताई."

"हो. तुझी चांगली जागा."

मग तिने सुरी खाली ठेवली आणि सावकाश आपलं म्हणणं मांडलं. तिने चौकशी केली होती. गावाने अर्ज केला तर गाळ पुन्हा एकदा तपासता येतो, आणि अर्ज आजच गेला होता. त्या मुलीला समुद्रातलं काही कळत नाही, होडी नेशील तिकडे ती येईल. यावेळी वाळूच्या अंगाला न्यायची. वाळूत काही सापडायचं नाही, कागद चांगला निघेल, वस्ती उघडेल. बाया इतकी वर्षं तिच्या तोंडाकडे बघून थांबल्या होत्या. त्यांतली एक वाट बघतच गेली. दुसरीला आता वाकता येत नाही. रोज सकाळी पाणवठ्यावर त्या काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात, आणि ते बघणं तिला सोसत नव्हतं.

राखणदाराने कवचाबद्दल, पापुद्र्यांबद्दल, आतल्या नखाएवढ्या मांसाबद्दल सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकेना. मी वजन केलंय, म्हणाली. हा हात खोटा आहे का? प्रयोगशाळेतल्या पोरीची दोन कालवं खरी आणि माझा हात खोटा?

तो उठला. दारापर्यंत गेला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"एवढी शिट्टी वाजवलीस जन्मभर. त्या रंगाला वाजव की एकदा."

पुढच्या पहाटे ओहोटी होती. राखणदार नेहमीसारखा दोरीच्या कडेने फिरला. मग त्याने असं काही केलं, जे करणाऱ्याला तो स्वतः पकडून कचेरीत नेऊन उभं करत आला होता. मऊ गाळाच्या अंगाला होडी थांबवून त्याने कोटाच्या बाह्या वर सारल्या, कालवं उपटून बादलीत टाकली आणि वर गोणपाट झाकलं. किनाऱ्यावर जाळं सुकवत भावोजी उभे होते. त्यांनी बादली पाहिली, गोणपाट पाहिलं आणि राखणदाराच्या कोपरापर्यंत माखलेले हात पाहिले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले. "चल," म्हणाले, "मी धरतो एक बाजू."

बहीण बर्फाच्या कारखान्याला निघाली होती. राखणदाराने बादली तिच्या ओट्याशी ठेवली आणि म्हणाला की हात खोटा नाही ताई, पण उघडून बघ. तिने आधी बादलीकडे पाहिलं, मग त्याच्या कोटाकडे. काय केलंस हे तिने विचारलं नाही. फळीवरून तिची जुनी आखूड सुरी काढली. सुरीला धार लावलेली होती, ती तिने कशासाठी लावली होती ते तिघांनाही माहीत होतं.

पहिलं कालव उघडलं. सुरीचं टोक वाकलं तरी थांबली नाही. दुसरं, तिसरं. पापुद्र्यांचे तुकडे ओट्यावर सांडले, पोकळ्यांतलं पाणी तिच्या बोटांवरून ओघळलं, आणि स्वयंपाकघरात एक शिळा, जड वास पसरला. बादली रिकामी होईपर्यंत ती उघडत गेली. शेवटी सगळं मांस एका ताटलीत जमा केलं. मुठीएवढंही नव्हतं. ती ताटली तिने एका हातावर तोलली. डोळे मिटले नाहीत.

मग तिने विचारलं की आधीच का नाही रे उघडलं एखादं. तो म्हणाला, तू हसायचीस. भावोजींनी चहा टाकला आणि न विचारता तिघांना दिला.

तपासणीच्या दिवशी बहीण होडीत येऊन बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिला उतर म्हणायची कोणाची छाती नव्हती. गाळमॅडमने विचारलं, काका, यावेळी कुठे घेऊ या? राखणदाराने बहिणीकडे पाहिलं. वाळूचं अंग डावीकडे होतं, उन्हात पिवळं चमकत. बहिणीने उजवीकडे हात केला. मऊ गाळाकडे.

बाटल्या भरून झाल्या तेव्हा राखणदाराने होडी किनाऱ्याकडे न वळवता सरळ दोरीवर घातली, इंजिन उचललं आणि तरंग्यांच्या मधून पलीकडे निघाला. टेकडाला वळसा घातला. समोर धक्का होता. एका गंजक्या जहाजाचं प्रचंड पोट पाण्याबाहेर काढलं होतं, त्याला फळ्या टांगून माणसं खरवडत होती, आणि त्यांच्या हातांखालून लाल भुगा पाण्यावर पडत होता. बारीक, मंद, अगदी सुंदर दिसत होता तो. राखणदाराने होडी इथे का आणली ते गाळमॅडम ओळखून होती. ती हळूच म्हणाली की काका, इथला गाळ मला घेता येणार नाही. माझ्या कागदावर फक्त दोरीच्या आतलं आहे. मी बाहेरचं मागून बघितलंय, दोनदा मागितलंय. तिच्या आवाजात अशी चीड होती, की राखणदाराला वाटलं, चला, आपण एकटेच नाही.

तो होडीत उभा राहिला, गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली. आजवर फुंकली नव्हती अशी, बेंबीच्या देठापासून. फळ्यांवरची माणसं थांबली. त्यांचा मुकादम कठड्यावर आला, खाली वाकून पाहिलं आणि ओळख पटून हसला.

"अहो शिट्टी, तुमची दोरी तिकडे राहिली."

मग त्याने उन्हाकडे पाहिलं, मागे वळून आपल्या माणसांना चहाची सुट्टी झाली म्हणून हाक मारली, आणि माणसं फळ्यांवरून उतरली.

दुसरा निकाल पहिल्यासारखाच आला. वस्ती बंद आहे. राखणदाराने कचेरीत जाऊन स्वतःच लिहून दिलं, की मी बादलीभर कालवं चोरली, माझ्यावर कारवाई करा, म्हणजे निदान ती का चोरली हे कोणीतरी विचारील. साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, खायला चोरली असतीस तर गोष्ट वेगळी होती.

तो अजून रोज होडी काढतो. तरंगे बांधतो, दोरी घासतो, आणि मग टेकडाला वळसा घालून धक्क्यासमोर जाऊन शिट्टी वाजवतो. धक्क्यावर आता त्याची सवय झाली आहे. मुकादमाने घड्याळ बघणं सोडून दिलंय. शिट्टी वाजली की चहा. फळ्या रिकाम्या होतात, कोणी कपात फुंकर घालतं, कोणी राखणदाराकडे बघून हात हलवतं. तेवढा वेळ खरवडणं बंद असतं आणि लाल भुगा पडत नाही.

हे त्याने बहिणीला चिडून सांगितलं, माझी थट्टा करतात म्हणून. ती बर्फाने सोललेल्या बोटांना तेल लावत होती. तिने मान वर केली नाही.

"मग लांब वाजवत जा," ती म्हणाली. "श्वास पुरेल तितकी."